निरोप समारंभ, सायंकाळी सहा वाजता

बीडमध्ये खोल्या भाड्यानं बघायला गेलो होतो. घरमालकांच्या बैठकीत पाऊल टाकलं आणि समोरची भिंत बघून मी आपसूक हात जोडले. आवाज जमेल तेवढा खाली आणला आणि विचारलं, "कधी झालं हो हे?"

भिंतीवर शेजारी शेजारी दोन फोटो होते. दोन्ही पुरुष, दोघेही कोटात आणि दोघांनाही हार. एकाचा हार वाळून काळा पडलेला, दुसऱ्याचा झेंडू मात्र अजून टवटवीत.

"मागच्या आठवड्यात," घरमालक म्हणाले.

"आजारी होते का?"

"आजारी कशाला? चांगला धडधाकट माणूस. सलग सहा सामने हरला."

हरल्यानं माणूस दगावतो हे मला नवीन होतं. पण घर पसंत होतं, हौद मोठा होता, आणि बीडमध्ये हौद बघून घर घ्यायचं असतं. म्हणून मी चेहरा आणखी पाडला. "वय काय होतं त्यांचं?"

"होतं? आहे! एक्कावन्न. आता जातील दुसरीकडं रुजू व्हायला. अनुभवी माणूस, कुठंबी घेतील."

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. जिन्यात आल्यावर ती म्हणाली, "जिवंत माणसांना हार घालतात हो हे! इथं राहायचं?" मी म्हणालो, "हौद बघितलास का?" ती परत फिरली आणि हौदाची खोली विचारून आली. अशी आमची त्या घराशी सोयरीक जमली, ती पुढं सात-आठ वर्षं टिकली. आज आम्ही आमच्या स्वतःच्या घरात आहोत, पण पाहुणे आले की मुलं अजून मला डिवचतात, "बाबा, ते हात जोडल्याचं सांगा ना." आणि मी सांगतो. माझी फजिती हा आमच्या घरातला खात्रीचा करमणुकीचा कार्यक्रम आहे.

घरमालक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. मला मात्र ते नावानं कधीच हाक मारत नसत. आम्ही वर राहायचो, म्हणून "अहो वरचे!" अशी हाक यायची. पाणी आलं, वरचे. टपाल आलं, वरचे. गोल झाला, वरचे! ह्या शेवटच्या हाकेला मी ऑफिसचे कपडेही न बदलता जिना उतरायचो.

भिंतीवरचे ते दोघे परदेशातल्या एका फुटबॉल क्लबचे माजी मॅनेजर होते. क्लबचं नाव मी सांगत नाही, कारण सरांच्या तोंडूनही ते मी फार थोड्या वेळा ऐकलं. ते "आपली संस्था" म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटे, लिंबागणेशच्या वाटेवर यांची एखादी शाळा असावी. ही संस्था एकेकाळी चषकांवर चषक जिंकायची. आता ती दर वर्षी तळाशी बसायची आणि दर वर्षी मॅनेजर बदलायची.

"सर, जिंकणारे इतके क्लब सोडून तुम्ही हा कसा काय धरला?" असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"पहिल्या नंबरच्या पोराला मास्तर लागतो का? तो आपला आपण पास होतो," सर म्हणाले. "मी जन्मभर शेवटच्या बाकावरची पोरं बघितली. टीव्ही लावला, तक्ता बघितला, शेवटून दुसरा दिसला. म्हटलं, हाच आपला."

त्यांच्या बोलण्यात फुटबॉल असा नसेच, सगळी शाळाच. मॅनेजर म्हणजे हेडमास्तर. खेळाडू म्हणजे पोरं. मॅनेजरला काढून मधल्या काळात कुणाला बसवलं की तो 'प्रभारी'. खालच्या श्रेणीत जाणं म्हणजे नापास. आणि क्लबचा मालक म्हणजे संस्थाचालक. हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कारल्याची फोड चावल्यासारखा व्हायचा.

सामना बघताना ते गळ्यात शिट्टी अडकवायचे. पंचाचा निर्णय पटला नाही की आपला निर्णय शिट्टी मारून जाहीर करायचे, आणि तोच अंतिम. कपाटाच्या दारावर त्यांनी वर्तमानपत्रातला गोलकीपरचा फोटो चिकटपट्टीनं लावला होता. गोल खाल्ला की तो फोटो उलटा व्हायचा, तोंड दाराकडं, पाठ आपल्याकडं. एकही गोल न खाता सामना निघाला की पुन्हा सुलटा. मी तिथं राहायला होतो त्या वर्षांत त्या पोराचं तोंड मी फार कमी वेळा पाहिलं. एकदा गल्लीत पाठ करून उभा असलेला एक अनोळखी माणूस दिसला आणि मी बायकोला म्हणालो, "हा ओळखीचा वाटतो गं, पाठमोरा."

रविवारी सकाळी सरांच्या ओट्यावर दरबार भरायचा. मी, सर आणि समोरच्या घरातले वकील. वकिलांचा दिवाणी दाव्यांचा धंदा, त्यामुळं वाद संपू नये असंच त्यांना मनातून वाटायचं. मॅनेजरांना सरांनी गावठी नावं ठेवली होती. सगळ्यात जुने, सगळे चषक आणणारे, ते 'थोरले'. एक 'दाढीवाला'. क्लबच्या मालकाचा टायरचा कारखाना होता म्हणून तो 'टायरवाला'. एखाद्या परक्यानं ओट्याशेजारून जाताना ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे.

"सर, काही म्हणा, तुमच्या दाढीवाल्यानं वाटोळं केलं."

"वकीलसाहेब, दाढीवाल्याला पोरं कुणी निवडून दिली? संस्थाचालकानं! मास्तर वर्ग निवडतो का?"

"पण मिळालेल्या वर्गाला शिकवायचं तर त्यानंच ना?"

"खडू न देता?"

"थोरल्यांच्या वेळी कुठं खडू होता? तरी आणलेच की चषक!"

सरांनी एकदम पायातल्या चपला काढून बाजूला केल्या. "थोरल्यांचं नाव घेताना पायात काही नको. हां, आता बोला. थोरल्यांच्या वेळी संस्थाचालक वर्षातून एकदा यायचा, गॅदरिंगला. हार घालून घ्यायचा, भजी खायचा, जायचा. हा टायरवाला रोज वर्गाच्या खिडकीत उभा!"

"त्याचा पैसा आहे, सर."

"मग पोरं त्याची का?"

"आणि पोरं तुमची का?"

"माझीच!" असं म्हणून सर इतक्या जोरात मांडीवर थाप मारायचे की आतून त्यांची बायको बाहेर येऊन बघायची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी ओट्यावर चहाचा ट्रे ठेवायच्या, "चालू द्या तुमची आमसभा," म्हणायच्या आणि आत जायच्या. मी या वादात कुणाच्या बाजूनं होतो? जो बोलत असेल त्याच्या. त्यामुळं दोघंही मला आपलाच माणूस समजायचे, आणि मला दोन्हीकडून बिस्किटं मिळायची.

आता हारांचं. तिकडं मॅनेजरला काढलं की इकडं सर त्याचा निरोप समारंभ करायचे. गंमत म्हणून नाही, अगदी रीतसर. फोटोच्या दुकानातून फोटो मोठा करून आणायचा, फ्रेम करायची, खुर्चीवर ठेवायचा. प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, आभार. हार, शाल, श्रीफळ. शाल एकच होती, दर वेळी तीच, ट्रंकेतून डांबरगोळ्यांचा वास घेऊन यायची. नारळ मग मावशी चटणीला घ्यायच्या. सत्कारमूर्तींच्या वतीनं मनोगतही सरच बोलायचे, आणि ते ऐकताना वकिलांचेसुद्धा डोळे पाणावलेले मी पाहिलेत. आभारप्रदर्शन कायम माझ्याकडं. पहिल्याच वेळी मी बोलून गेलो, "पाहुण्यांनी लांबून येऊन शोभा वाढवली." सर नंतर म्हणाले, "चांगलं झालं. पण वरचे, खोटं बोलू नका. ते आले नाहीत."

"सर, पण जो सहा सामने हरला त्याला हार कशाला?" मी विचारलं होतं.

"कामाचा असो, बिनकामाचा असो, जाताना माणसाच्या गळ्यात हार पडला पाहिजे. त्यानं पोरांत दिवस काढलेत."

याचं मूळ मला एकदा मावशींनी सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता, जणू कुणा दुसऱ्याची गोष्ट. सर वडवणीकडच्या एका शाळेवर बरीच वर्षं मुख्याध्यापक होते. तिथल्या संस्थेचे चालक बदलले. एका सकाळी सर शाळेत गेले तर त्यांच्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसलेलं. नव्या संस्थाचालकानं व्हरांड्यातूनच सांगितलं, चार्ज देऊन टाका. सर तसेच फिरले, दुपारच्या एसटीनं घरी आले. "डबा भरलेलाच होता," मावशी म्हणाल्या. "मी इचारलं, कावून जेवला न्हाईत? तर म्हनले, आज अर्धी शाळा होती. आपल्याकडं हाकलायचं म्हंजे नारळ देतेत म्हन्त्यात. ह्यांना हाकलताना त्यो बी दिला न्हाई." त्यानंतर ते महिनाभर टीव्हीसमोर बसून होते. कुठलाही चॅनेल, काहीही. त्यात एक दिवस एक परदेशी माणूस खोक्यात सामान भरून एका मैदानाच्या दारातून एकटाच बाहेर पडताना दिसला. सर उठले आणि झेंडूचा हार आणायला गेले. तो भिंतीवरचा पहिला फोटो.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पल्लवीचं प्रकरण त्याशिवाय कळणार नाही.

पल्लवी सरांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरीला. एका उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली आणि बापाची नजर चुकवून वर आमच्याकडं आली. बायकोनं तिला बघताच दार लोटून घेतलं, कारण बायकांना या गोष्टी आधी कळतात. पुण्यात आपल्या संस्थेचे चाहते एका ठिकाणी जमून सामने बघतात. तिथं एक मुलगा भेटला. वडवणीचाच. त्यालाही हा क्लब घरातूनच, वडिलांकडून आलेला. पुढचं तिनं सांगितलं नाही, लाजली.

"मग अडलंय कुठं?" मी म्हणालो. "उलट सर उडी मारतील."

"काका, त्याचे वडील टायरवाल्याच्या बाजूचे आहेत."

"अरे बापरे."

"आणि त्यांची वडवणीला शाळा आहे. ते संस्थाचालक आहेत."

आता बायकोसुद्धा खाली बसली. संस्थाचालकाच्या घरी मुलगी देणार नाही, हे सर निदान वर्षातून चारदा, कुणीही विचारलेलं नसताना, ओट्यावरून जाहीर करायचे.

पण बायको खचणारी नव्हती. मुलाच्या वडिलांनी आयुष्याची सुरुवात मंडप-डेकोरेशनच्या धंद्यानं केली होती आणि तो धंदा अजून चालू होता. बायकोनं सरांना सांगितलं, एक चांगलं स्थळ आहे, मंडपवाल्यांचं. हे खरंच होतं. बाकीचं खरं नंतर सांगायचं ठरलं. येत्या रविवारी संध्याकाळी पाहुणे येणार, चहापोहे, दोन्हीकडची पसंती, आणि पल्लवीची हात जोडून एकच विनंती, "फुटबॉलचा विषय निघू देऊ नका."

त्याच आठवड्यात टायरवाल्यानं मॅनेजरला काढलं.

मी आल्यापासून भिंतीवर आणखी दोन चढले होते, हा पाचवा. सतत हसायचा म्हणून सर त्याला 'हसरा' म्हणायचे. वर्षाचा शेवटचा सामना राहिलेला, बरोबरी झाली तरी पास, हरलं तर नापास, आणि अशा वेळी संस्थेवर प्रभारी! सर खवळले होते. फोटो मोठा करून आला, फ्रेम झाला. समारंभ रविवारी, सायंकाळी सहा वाजता. सामना सातला, म्हणजे तिकडच्या दुपारी.

"सर, रविवारी पाहुणे आहेत," मी म्हणालो.

"पाहुणे पाचला. समारंभ सहाला. पोह्यांना तास लागतो का?"

बायकोनं मला काम नेमून दिलं: पाहुणे येण्याआधी भिंतीवरचे चार आणि खुर्चीवरचा पाचवा, सगळे फोटो वर आणून ठेवायचे. चार मी आणले. पाचवा, ताज्या हारासकट, जिन्यात आणला आणि तेवढ्यात मोबाईलवर बघितलं की प्रभारी कोणाला खेळवणार आहे. एका पायरीवर टेकलो. प्रभारीनं त्या उलट्या गोलकीपरला बसवून दुसऱ्याला घेतलं होतं! मी ते वाचतोय तोवर दारात जीप थांबली, पाचचे पाहुणे सहाला आले होते. मी धावत बैठकीत गेलो, समोर जी पहिली खुर्ची दिसली तिच्यावर फोटो ठेवला आणि जागेवर बसलो. ती खुर्ची पाहुण्यांसाठी मांडलेल्या दिवाणाच्या अगदी शेजारी होती.

मुलाच्या वडिलांना सगळी वडवणी दादा म्हणायची. पांढरे कपडे, टोपी, दणदणीत आवाज. ते आत आले, शेजारी हार घातलेला फोटो बघितला, थबकले, टोपी काढली आणि हात जोडले. अगदी माझ्यासारखे! मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल सख्ख्या भावासारखं प्रेम वाटलं.

"कोन म्हनायचे हे?" दादांनी हळू आवाजात विचारलं, आणि मग पुढं वाकून बघितलं. "आरं! हा तर आपला हसरा! ह्याला हार कावून?"

सरांचा चेहरा उजळला. "तुम्ही ओळखता?"

"ओळखतो म्हंजे? वीस वर्सं बघतोय मी आपला क्लब!"

सरांनी दादांचे दोन्ही हात धरले. दोघं दिवाणावर शेजारी बसले. दारामागं पल्लवीनं कपाळाला हात लावला. मुलगा बूट काढता काढता तसाच वाकून राहिला. तीनेक मिनिटं तर असं वाटलं की साखरपुडा आत्ताच, पोह्यांवरच उरकेल. थोरल्यांचं नाव निघालं. सरांनी चपला काढल्या. दादांनी टोपी काढलेलीच होती. दोघांनी थोरल्यांच्या एका जुन्या अंतिम सामन्याचा शेवटचा गोल हातवारे करून पुन्हा केला, बशीतला लाडू चेंडू म्हणून वापरून.

मग दादा म्हणाले, "पन हसऱ्याला काढलं ते बरं केलं हां टायरवाल्यानं."

लाडू सरांच्या हातातच राहिला. "बरं कसं?"

"काम न्हाई तर घरी. सीधी बात."

"शेवटचा पेपर तोंडावर असताना हेडमास्तर बदलतात?"

"मास्तर, टायरवाला पंक्चरच्या दुकानातून वर आल्याला गडी हाय. त्याला कळतंय कुठल्या चाकात हवा न्हाई!"

"पोरं म्हणजे चाकं का?"

"आन पैसा कुनाचा? इज्जत कुनाची जाती? तुमाला काय हो, तुमी पगार घेऊन घरी! रात्री झोप मालकाला लागत न्हाई!"

वकील आमच्यासोबत बसले होते. त्यांनी हलकेच, "विषय बदलू या का?" म्हणून बघितलं. जन्मात पहिल्यांदा ते वाद मिटवायला निघाले होते, त्यामुळं त्यांना जमलं नाही.

"मालकाला काय कळतं वर्गातलं!" सर गरजले.

"मला सांगू नगा!" दादा त्याहून वर. "मी सवता संस्था चालवतो. तीन हेडमास्तर बदललेत मी!"

सरांनी लाडू बशीत ठेवला, अगदी नीट, मधोमध. माझ्या बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी भिंतीकडं बघितलं, तर तिथं चार मोकळे खिळे. सर उठले आणि आत गेले.

दादाही उठले. "चला. हितं काय आपलं जमायचं न्हाई." दारामागं पल्लवी रडू आवरत उभी. मुलगा पुन्हा बूट चढवत होता. माझी बायको माझ्याकडं अशी बघत होती की मला त्या गोलकीपरसारखं दाराकडं तोंड करून उभं राहावंसं वाटलं.

दादा जीपपर्यंत गेले, ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि दादांनी घड्याळ बघितलं. या वादात सहाचा समारंभ तसाच राहून गेला होता. सामन्याला पाच मिनिटं राहिलेली. वडवणी गाठेपर्यंत अर्धा सामना संपणार. दादा दोन मिनिटं जीपच्या पायरीवर उभे राहिले. मग परत आले आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "सामना झाला की निघू."

आतून सर बाहेर आले, गळ्यात शिट्टी. त्यांनीही कुणाकडं न बघता टीव्ही लावला.

असा सामना मी कधी बघितला नाही. दिवाणाच्या एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला दादा, मध्ये मी. शेजारच्या खुर्चीवर हार घातलेला हसरा. पंचानं सरळ सरळ पेनल्टी नाकारली.

"वरचे, सांगा त्यांना, ही पेनल्टी होती."

"सायेब, सांगा मास्तरला, शंभर टक्के होती."

मी सांगितलं. दोन्हीकडं. एकमत झालं, पण कुणी मान्य करेना. मग आपल्यावर गोल झाला. सवयीनं सर कपाटाकडं गेले, तो फोटो आधीच उलटा होता, तेव्हा त्यांनी त्याच्यावर हळूच एक चापट मारली. दादांनी टोपी पिळली. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली. आपण एका गोलनं मागं, नापास व्हायच्या बेतात. आणि लाईट गेली!

अंधार. इन्व्हर्टर फक्त पंख्याला जोडलेला. "मायला!" म्हणून दोन आवाज एकदम आले. आमच्या कुणाच्याच मोबाईलला त्या जाड भिंतींत रेंज नाही. आणि एकाएकी पल्लवीच्या हातातला फोन उजळला, त्यात हिरवं मैदान. सगळे तिच्याकडं झेपावलो. सर, दादा, वकील, मी, मावशी, बायको, सगळ्यांची डोकी त्या वीतभर उजेडावर.

"पल्लवी," वकील म्हणाले, "तुझं नेट तर सकाळीच संपलं होतं ना?"

"ह्यांच्या हॉटस्पॉटवर लागलं."

"कुणाच्या?"

"...ह्यांच्या." तिनं मुलाकडं बघितलं.

"पासवर्ड न विचारता?"

वकिलांचा हा प्रश्न त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सगळ्यात नेमका प्रश्न असावा, पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, कारण तेवढ्यात, अगदी शेवटच्या क्षणी, कॉर्नर मिळाला. चेंडू वर गेला. गोलचक्र फिरायला लागलं. चित्र थांबलं! "हलवू नको बे तो फोन!" दादा मुलावर ओरडले. "श्वास घेऊ नका!" सर आम्हा सगळ्यांवर. चित्र सुटलं तेव्हा चेंडू जाळ्यात होता आणि आपली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

नंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही. शिट्टी वाजत होती, ती थांबेना. कुणीतरी मला उचललं. कुणाचीतरी टोपी माझ्या डोक्यावर आली. लाईट आली तेव्हा बैठकीच्या मधोमध सर आणि दादा एकमेकांना मिठी मारून उड्या मारत होते, "पास! पास!" म्हणून. उजेडात एकमेकांना बघून ते थांबले, पण हात सोडायचं दोघंही विसरले.

मग सरांना वकिलांचा तो प्रश्न आठवला. ते सावकाश वळले. त्यांचा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता, पण हजारो पोरांनी ऐकला असणार.

"पल्लवी. पासवर्ड कुणी दिला?"

मुलगा उभा राहिला. वर्गात उभा राहतो तसा, हात मागं बांधून. "मी, सर."

"काय आहे पासवर्ड?"

"थोरल्यांचं नाव, सर."

सरांनी खाली बघितलं. पायात चपला नव्हत्या. त्यांना बरं वाटलं असावं.

दादा हसायला लागले. "मास्तर, पोरांनी आपल्या आदीच बैठक उरकली की!" मग हसू आवरून म्हणाले, "पन तुमी उठून आत गेलतात त्ये मला लागलं. मी तुमाला काय बोललो? टायरवाल्याला बोललो."

तेव्हा मावशी बोलल्या. कोथिंबीर निवडताना सांगितलं होतं तसंच, तितकंच: खुर्ची, व्हरांडा, दुपारची एसटी, भरलेला डबा. वडवणीकडची शाळा म्हटल्यावर दादांनी मान खाली घातली. ती त्यांची शाळा नव्हती. पण त्यांनीही तीन बदलले होते, ते स्वतःच दोन तासांपूर्वी ओरडून सांगितलेलं.

त्यांनी हसऱ्याच्या फोटोकडं बघितलं. मग उठले, त्याच्या गळ्यातला हार काढला, शाल घेतली, नारळ घेतला, आणि सरांसमोर येऊन उभे राहिले. "मास्तर, त्या शाळेचा न्हाई, पन संस्थाचालक हाय. राहिलेलं काम हाय, करू द्या."

सर दोन पावलं मागं सरले. वाटलं, आता शिट्टी वाजते. पण ते म्हणाले, "असं नाही. आधी प्रास्ताविक. वकीलसाहेब, उठा. मग सत्कार. आभार शेवटी, वरचे मानतील."

वकिलांनी प्रास्ताविक केलं, त्यांना दोन वाक्यांपुढं जाता आलं नाही. दादांनी हार घातला. डांबरगोळ्यांचा वास सगळ्या बैठकीत पसरला. मग मनोगत. चार-चार मॅनेजरांच्या वतीनं तासतासभर बोललेले सर हारावर हात ठेवून उभे राहिले, दारातल्या पल्लवीकडं, त्या मुलाकडं, मावशींकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "चार्ज दिला." आणि खाली बसले.

आभार मी मानले. घाबरून मी परत तेच बोललो, पाहुण्यांनी लांबून येऊन शोभा वाढवली म्हणून. या वेळी सर म्हणाले, "हे मात्र खरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः जाऊन नवा हार घेऊन आले आणि हसऱ्याच्या गळ्यात घातला. त्याचा हक्काचा होता, म्हणाले. लग्न दिवाळीनंतर झालं, मंडप अर्थातच व्याह्यांचा. आणि टायरवाल्यावरून दोन्ही व्याही अजून फोनवर भांडतात.

त्या रात्री जीप गेल्यावर आम्ही वर आलो. मी पलंगावर ऐसपैस बसलो आणि म्हणालो, "बघितलंस? जमवलं की नाही आपण?"

बायको ते चार फोटो एकेक करून पुसत होती, सकाळी खाली नेऊन लावायला. "पाचवा फोटो तुम्ही मी सांगितल्यासारखा वर आणला असता," ती म्हणाली, "तर विषय निघाला नसता, भांडण झालं नसतं, आणि सर स्वतःच्या गळ्यात हार न पडताच मुलगी देऊन मोकळे झाले असते. तुम्ही सांगितलेलं काम करत नाही, याचा मला आज पहिल्यांदा आनंद झालाय. पण सवय लावून घेऊ नका. ह्या घराची मालकीण मी, ती बदलायची नाही. मॅनेजरचं बघावं लागेल."